दर सोमवारी मरणारी गाडी

वर्ना ह्रिचक भ्रमिष्ट होत चालली आहे, असं आमच्या गावानं मागच्या हिवाळ्यात ठरवून टाकलं. पुरावा काय, तर तिनं गाडीला कुलूप लावलं.

कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या या गावात गाडीला कुणी कुलूप लावत नाही. लावायचं ते फक्त ऑगस्टात, नाहीतर शेजारीपाजारी आपल्या बागेतल्या भाराभर पिकून नको झालेल्या झुकिन्या सीटवर ठेवून पळ काढतात. नोव्हेंबरात कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यांना चोर म्हणणं. दुकानात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

कुलूप लावायला सांगितलं होतं शोरूममधल्या एका दीडशहाण्यानं. वर्नाची छोटी लाल गाडी जेमतेम दोन वर्षांची, आणि दर सोमवारी सकाळी ठार मेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिच्या नवऱ्याला, ओरेस्टला, डायलिसिससाठी डॉफिनच्या इस्पितळात न्यावं लागतं. गाडी नाही तर ओरेस्ट नाही, इतकं साधं. मी शेजारीण, म्हणून दर सोमवारी माझ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून तिची चालू करून द्यायचे. शोरूमवाल्यानं दोनदा बॅटरी बदलली आणि मग हात झटकले. "काकू, गाडीत काही दोष नाही. लॉक केली नाही तर ती झोपत नाही, आतून बॅटरी खात राहते. आणि आतला दिवा बघत जा हं, या वयात राहून जातो." या वयात! ज्या बाईनं सव्वीस वर्षं उणे पस्तीसात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून चालू ठेवल्या, तिला हा कालचा पोर दिवे बंद करायला शिकवतो.

पण खरा घाव घातला तो पोटच्या पोरानं. डॅरिल विनिपेगला इलेक्ट्रिशियन आहे. वर्ना दर सोमवारी त्याला फोन करायची आणि तो शांतपणे म्हणायचा, "आई, दिवाच राहिला असणार. आजीचंही असंच सुरू झालं होतं, आठवतं ना?" मग हळूच पुढचं काढायचा. लायसन्स परत कर, बाबांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवू.

वर्नाची आई शेवटी शेवटी तिला ओळखत नव्हती. त्यामुळे हे बरोबर वर्मी लागलं. तिनं दारावर चिठ्ठी चिकटवली, 'दिवा?' रविवारी चार-चार वेळा बूट चढवून शेडमध्ये जायची, बघायची, घरात यायची, आणि आपण पाहिलं की नाही याचीच तिला खात्री वाटेनाशी व्हायची. जानेवारीत तिनं लायसन्स परत करायचा फॉर्म भरूनसुद्धा ठेवला.

एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. "ग्लॅड, ये इकडे. सही करण्याआधी एकदा मी स्वतः बघणार आहे. तू साक्षीला हवीस. माझ्या डोळ्यांवर आता कुणाचा भरवसा नाही, माझासुद्धा."

गेले तर तिनं बॉनेट उघडून ठेवलं होतं. दार सताड उघडं, पण त्याची खिट्टी स्क्रूड्रायव्हरनं दाबून बसवलेली, म्हणजे गाडीला वाटावं दार बंद आहे. किल्ली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून स्वयंपाकघरात ओरेस्टच्या मांडीवर दिली होती. "किल्ली नुसती जवळ असली तरी या महाराणीला जाग येते," ती म्हणाली. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून तिनं मध्ये करंट मोजणारा मीटर जोडला. "आता पाऊण तास कुणी हात लावायचा नाही."

आम्ही आत जाऊन बटाटा भरून उकडलेल्या पेरोगी खाल्ल्या. परत आलो तेव्हा मीटर शून्याला टेकलेला असायला हवा होता. होता पाव अँपियर. मी उघड्या दारातून डोकावून पाहिलं. दिवा बंद होता.

"कुणीतरी पितंय," वर्ना म्हणाली. ती एकेक फ्यूज उपसायला लागली आणि मी आकडा वाचायला लागले. पाव. पाव. पाव. अकराव्याला आकडा धाडकन खाली आला.

त्या फ्यूजमागून एक जास्तीची बारीक वायर वर गेली होती. तिच्या टोकाला काड्यापेटीएवढी काळी डबी, गाडी कुठे आहे ते कळवणारी. आमच्याकडे सिग्नलची बोंब, म्हणून मेली रात्रंदिवस सिग्नल शोधत बसलेली. शनिवार-रविवार गाडी उभी, की सोमवारी बॅटरी खलास. वर्नानं वायरवरच्या टेपवरून अंगठा फिरवला.

"टोक आत दुमडलंय," ती म्हणाली. "पुढच्याला सहज उलगडता यावं म्हणून. हे मीच शिकवलंय त्याला."

मी डॅरिलचा यथेच्छ उद्धार केला. आईच्या डोक्यावर मिरे वाटणारा नालायक, असं काय काय. वर्नानं तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

"माझ्या गाडीत डबी तू बसवलीस?"

"आई, काळजी वाटते म्हणून. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आलो होतो तेव्हा..."

"बॅटरी ती खात होती."

"सुरुवातीला मला खरंच माहीत नव्हतं."

"सुरुवातीला?" वर्नाचा आवाज चढला. "म्हणजे नंतर कळलं. आणि मी रडत रडत तुला विचारत होते, दिवा माझ्याकडूनच राहिला का रे!"

"तुमच्या दोघांच्याच भल्यासाठी, आई. तू लायसन्स दिलंस तर..."

"भलं गेलं चुलीत. म्हण, दिवा बंद होता."

"पण आई..."

"म्हण!"

"दिवा बंद होता," डॅरिल म्हणाला.

तिनं फोन ठेवला. मी परत शिव्यांना तोंड फोडणार, तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"आणि तुला काय वाटत होतं, ग्लॅड? दर सोमवारी वायरी जोडताना?"

खोटं बोलता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दिवा तूच चालू ठेवतेस, असं वाटत होतं," मी म्हणाले.

"घरी जा," वर्ना म्हणाली. "आज मला कुणी नको."

मी गेले.