पदराखालचा सौदा

माझी आई अख्ख्या निमगावची आहे. ही तक्रार आहे, कौतुक नव्हे. कौतुक करणारे गावात पुष्कळ आहेत. कुणाची लेक बाळंतपणात अडली, कुणाचं म्हातारं न्हाणीत घसरलं, कुणाची सून पिशवी भरून माहेरी निघाली, की आमच्या दारात हाक येते. हाक मारणाऱ्याचं सांगणं पुरं होण्याआधी आईच्या पायात चपला असतात. वडील माळेगावच्या कारखान्यात होते. गाळपाचा हंगाम सुरू झाला की घरी पाहुण्यासारखे यायचे. त्यामुळे आईत भागीदार दोनच उरले, मी आणि गाव. मोठा हिस्सा कुणाचा, हे सांगायला नको.

लहानपणी मला ताप भरला, की ती एका हाताने माझ्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवायची आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या लग्नाचे तांदूळ निवडायची. सकाळी ताप उतरलेला असायचा आणि तांदूळ निवडून झालेले. दोन्हींत खोट काढायला जागा नसायची, हेच मला जास्त खुपायचं.

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. धंदा बारामतीत आहे, पण शिकलो जनावरांच्या बाजारात, एका दलालाच्या मागे बैलांचे कासरे धरून. तिथे भाव तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खालून एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवतीच्या माणसांना फक्त उपरणं हललेलं दिसतं. ह्यात नियम एकच. बोट धरण्याआधी ते कशाचं, शंभराचं की हजाराचं, हे मोठ्याने बोलून घ्यायचं. हे विसरला तो बुडाला.

आईलाही ही विद्या येते. वडील गेल्यावर तिने म्हैस विकायला काढली, तेव्हा बाईच्या हाताला हात लावून सौदा कसा करायचा म्हणून दलाल घुटमळले. आईने स्वतःचा पदर हातावर ओढला आणि म्हणाली, "धरा की. म्हैस माझी हाय, तर बोटं काय तुमच्या आबाची धरताय?" म्हैस चांगल्या भावाने गेली. त्या दिवसापासून बाजारात तिला सगळे वहिनी म्हणायला लागले. म्हणजे भागीदार आणखी वाढले.

जळोचीत मी घर बांधलं. गवंड्यापासून नळवाल्यापर्यंत एकालाही पहिला भाव दिला नाही. फरशीवाला अजून मला लांबून पाहिलं की दुकानातला पंखा बंद करतो, मी जास्त वेळ बसू नये म्हणून. वास्तुशांतीची तारीख ठरली तेव्हा माझं मागणं एकच होतं. नव्या घरात पहिलं दूध आईच्या हातून उतू जावं. लोकांच्या घरच्या चुली तिने आयुष्यभर पेटवल्या. एक माझी पेटवावी, एवढंच.

हे सांगायला निमगावला गेलो, तर आईचं वेगळंच ठरलेलं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना मोतीबिंदू. त्यांना बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशनला न्यायचं, आणि तारीख नेमकी तीच.

"पाच दिस आधी येऊन ऱ्हा," मी म्हणालो.

"आन् माझ्या म्हाताऱ्यांचं काय?"

"तुझ्या म्हाताऱ्या? तू काय कवळी पोर हायस व्हय?"

"मला सुईत दोरा ववता येतोय. ज्यांला येत न्हाय त्या म्हाताऱ्या."

"दुसरं कुणी जाईल की त्यांच्यासंगं."

"माझ्याबिगर त्या गाडीत पाय टाकत न्हाईत. तू टाकून दाखव."

माझा आवाज चढला. शेजारची दोन दारं उघडली. आईने शांतपणे पदर हातावर ओढला आणि हात पुढे केला. मी आत हात घातला आणि तिची पाचही बोटं धरली. तिने हात मागे घेतला. मी चार धरली. तीही निसटली. तीन, मग दोन, आणि शेवटी माझ्या मुठीत एक बोट राहिलं. ते मात्र तिने ओढलं नाही.

"ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं. आता फिरायचं न्हाय."

एक दिवस मिळाला, म्हणजे वास्तुशांतीचा मिळाला. मी खुशीत घरी आलो. बायकोला सांगितलं, की आईला आज पहिल्यांदा सौद्यात हरवलं. ती म्हणाली, "त्या आल्यावर बोलू."

वास्तुशांतीच्या दिवशी मी रेशमी सोवळं नेसून, उपरणं घेऊन होमाला बसलो. पोटात सकाळपासून पाणी तेवढं. पूर्णाहुती झाली, आईचा पत्ता नाही. सासूबाई नव्या शेगडीसमोर पातेलं घेऊन अशा उभ्या, जणू तिकीट काढून रांगेत थांबल्यात. गुरुजी म्हणाले, "दूध दुपारच्या आत उतू जायला हवं. मग मला दुसरीकडे पूजा आहे."

"संध्याकाळचा एखादा मुहूर्त बघा की."

"मुहूर्तात घासाघीस चालत नाही."

आईला फोन लावला. उचलला भलत्याच बाईने. "तुझी आय कामात हाय. डोळ्यात औषध घालत्यात. तू कोन?"

मी ड्रायव्हरला गाडी काढायला लावली आणि तसाच सोवळ्यात दवाखान्यात गेलो. बाकावर ओळीने म्हाताऱ्या बसलेल्या, मधोमध आई. तिच्या हातात एका म्हातारीचा हात. परिचारिकेने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोण आहे?"

"मीच," मी म्हणालो, आणि आईकडे वळलो. "एक दिवस ठरला होता."

"एक बोट ठरलं व्हतं. म्या एक तास दिला."

"एक दिवस!"

"तसं बोलला व्हतास का? बोट कशाचं, ते आधी बोलावं न्हाय का? एवढी वर्षं बाजारात काय म्हशी राखत व्हतास?"

बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्या हसल्या. ज्यांना मी नीट दिसतही नव्हतो, त्याही हसल्या. अख्ख्या तालुक्यात मला सौद्यात कुणी असं हरवलं नव्हतं.

"मग तो तास तरी आत्ता दे. गुरुजी निघायच्या बेतात आहेत."

"आत्ता कसा देऊ? हिचा नंबर आता लागंल. हिचा हात सोडला की ही पळंल. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलीया."

"पळंल न्हाय तर काय," ती म्हातारी म्हणाली. "डोळा फाडत्यात म्हनं."

मी घड्याळाकडे पाहिलं. गिऱ्हाईक उठून चाललं, की माझ्या डोक्यात आपोआप तडजोड तयार होते. "हात मी धरतो," मी म्हणालो. "तू माझ्या ड्रायव्हरबरोबर जा, दूध उतू घाल आणि ये."

म्हातारीने मान वाकडी करून, बऱ्या डोळ्याने मला न्याहाळलं. "ह्यो तोच न्हवं? बाजारात भाव पाडून माझी शेळी नेली व्हती ह्यानं."

"ती लंगडत होती, आजी."

"तुझ्या दारात जाऊन लंगडली आसंल. माझ्याकडं उड्या मारायची."

"तीन पायांवर मारत असंल."

"जा गं," म्हातारी आईला म्हणाली आणि माझा हात मनगटापासून पकडला. "ह्याला न्हाय मी सोडत. आता कुठं जातोय बघते."

आई गेली. मी सोवळ्यात, उपाशीपोटी, दवाखान्याच्या बाकावर बसलो. शेळीचा भाव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत म्हातारी शेळीला दोन करडं झाली असती म्हणून सांगत होती आणि मी नाकारत होतो. घाबरायला तिला सवड मिळाली नाही. दारात माझा हात सोडवताना परिचारिकेला जोर लावावा लागला.

म्हातारी डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आली, तेव्हा आईही हातात डबा घेऊन परत आलेली होती.

"गेलं का उतू?" मी विचारलं.

"गेलं की. झकास गेलं."

"कुठल्या बाजूला?"

"ते तुझ्या सासूला इचार. ती बघत व्हती."

म्हणजे सासूबाईंनी पाहिलं, शेजाऱ्यांनी पाहिलं, गुरुजींनी पाहिलं, फरशीवाल्यानेसुद्धा पाहिलं, आणि ज्याने घर बांधलं तो शेळीवरून भांडत बसला होता. ही तक्रार मी अजूनही सोडलेली नाही. सणावारी काढतो.

बायकोने त्या वेळी मोबाईलवर चित्रण केलं होतं. अगदी वाईट केलं आहे. हात हललाय, निम्मं पातेलं चौकटीच्या बाहेर आहे, दूध नेमकं वर येतं तेव्हा सासूबाईंचा खांदा मधे येतो. ह्यावरून आमचं भांडणही झालं. पण आवाज स्वच्छ आला आहे. सासूबाई म्हणतात, "विहीणबाई, टेका जरा. पानं वाढायला घेतलीत, दोन घास खाऊन जा." आणि चौकटीबाहेरून आई म्हणते, "नगं. डब्यात पुरणपोळी भरा पटकन. माझं पोरगं तिकडं उपाशी हाय."