गाळलेलं प्रकरण

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी अंधांसाठी पुस्तकं वाचायचं काम धरलं आणि सगळे त्यांना वाचनबाईच म्हणू लागले. चर्चमागची छोटी खोली, भिंतींना ठोकलेल्या जुन्या रजया, टेबलावर माईक आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाले भाऊ. आवाज येतो म्हणून पंखा बंद. बाई घामाने निथळायच्या. भाऊ म्हणायचे, "पुण्य असं फुकट मिळतं होय!"

त्या वर्षी जुन्या ख्रिस्ती भक्तिग्रंथांचं वाचन चाललं होतं. वाळवंटातल्या गुहांत राहून श्वासागणिक एकच छोटी प्रार्थना म्हणणारे तपस्वी, मठाच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना देवाशी कडाकडा भांडणारी जोगीण. बाईंना या मंडळींचा लळा लागला. भाजी चिरताना त्याही श्वासाबरोबर प्रार्थना म्हणून बघत आणि कांद्यापर्यंत आल्या की विसरत.

मग नवऱ्याचा खोकला बळावला. डॉक्टरांना फुप्फुसावर डाग दिसला. तुकडा तपासायला गेला आणि दोघांचा जीव टांगणीला लागला.

नेमकं तेव्हाच मठात राहणाऱ्या एका साधूचं पुस्तक हाती आलं. साथीत ज्यांच्या उशाशी कोणी नव्हतं, त्यांच्यासाठी त्याने प्रार्थना लिहिल्या होत्या. बारावं प्रकरण संपवून बाईंनी पान उलटलं. 'अखेरच्या घटकेसाठी.'

बाई तिथेच अडल्या. लहानपणी वडील आजारी काकांजवळ अशीच प्रार्थना वाचत होते आणि 'आमेन' म्हणेपर्यंत काका गेले होते. तेव्हापासून मनाने घेतलं होतं, ही वाचली की माणूस जातो. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या बाईंनी हे कुणाला सांगायचं?

"भाऊ, इथली पानं गळालीत. पुढचं घेते," त्या म्हणाल्या. चर्चच्या आवारात, धडधडीत खोटं.

काही दिवसांनी पियानो जुळवणारा आंधळा गृहस्थ काठी टेकत आला. "बाई, बारानंतर एकदम चौदा? तेरावं कुठं गेलं?"

"पानं नाहीत हो."

"अरेरे. आई अंथरुणाला खिळलीय. तिला घाबरायला होतं, म्हणून रोज ऐकवतो. अनुक्रमणिकेत नाव ऐकल्यापासून तेराव्याचीच वाट बघत होती."

बाई पुस्तक पिशवीत टाकून तडक घरी आल्या. नवरा खिडकीपाशी बसला होता. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळायचा होता.

"काय झालं? तोंड का उतरलंय?"

बाईंनी सगळं सांगितलं, काकांचंसुद्धा. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"वाच," तो म्हणाला. "मलाही भीती वाटतेय गं. तू बोलत नाहीस, मी बोलत नाही. निदान तो साधू तरी बोलू दे."

"नको हो."

"माझ्यासाठी वाच."

बाई वाचू लागल्या, "माझ्या श्वासाच्या मालका, मी दमलोय. दार मला उघडत नाही, तूच उघड..." अर्ध्यावर त्यांनी वर पाहिलं. नवऱ्याचे डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. पुस्तक खाली पडलं. कशाबशा उठून त्यांनी त्याच्या नाकाशी बोट धरलं.

"काय करतेस?" तो दचकून म्हणाला. "डोळा लागला होता."

बाई आधी त्याच्यावर खेकसल्या, मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. त्याने पुस्तक उचलून पान शोधून दिलं. उरलेलं दोघांनी मिळून वाचलं. 'आमेन'पाशी बाईंनी त्याचा हात घट्ट धरला. तो गेला नाही, पण त्यांची भीतीही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट वाईटच निघाला. ऑपरेशन ठरलं. दवाखान्यातून बाई थेट त्या खोलीत गेल्या. "भाऊ, पानं होती. मीच घाबरले होते. लावा माईक."

एके ठिकाणी आवाज फाटला. "पुन्हा घेऊ?" भाऊंनी विचारलं. बाईंनी मानेनेच नाही म्हटलं.

पियानोवाल्याच्या आईने ते ऐकलं आणि मुलाकडे पुन्हा मागून घेतलं. बाईंचा नवरा ऑपरेशनमधून उठला, अर्धं फुप्फुस गमावून. आता जिन्यात धापा टाकतो, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतो. रात्री खोकला आला की बाई अजून जाग्या होतात, आणि तो थांबेपर्यंत ती प्रार्थना मनातल्या मनात म्हणत राहतात.