बटण बंद असताना बोलणारी म्हैस

आधीच सांगून टाकतो. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी सत्तावीस वर्षं क्वालिटीला आहे. जो पार्ट मापाच्या गेजमध्ये बसत नाही त्याला लाल स्टिकर लावायचं आणि बाजूला ठेवायचं, एवढं एकच काम मला नीट जमतं. भुताखेतांनाही मी जन्मभर लाल स्टिकरच लावत आलो. कॅन्टीनमध्ये कुणी "राव, आमच्या गावाकडं ना..." अशी सुरुवात केली की मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर. त्यामुळे आज इथे मीच लिहायला बसलोय याची थोडी लाज वाटतेय. पण चार महिने झाले, ही गोष्ट काही बाजूला ठेवता येत नाहीये.

गोष्ट माझ्या ताईची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी.

आम्ही चिंचवडला कंपनीच्या वसाहतीत वाढलो. दोन खोल्या. बाबा मेंटेनन्सला फिटर होते. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणजे रविवार हा कामाचाच वार. मी दुसरी-तिसरीत असताना बाबांची दीड-दोन वर्षं सलग रात्रपाळी होती. रविवारी सकाळी आठला ते घरी यायचे, चहा-चपाती खायचे आणि बाहेरच्या खोलीत पंख्याखाली आडवे व्हायचे. त्याच खोलीत टीव्ही. आणि लहान मुलांचा कार्यक्रम बरोब्बर नऊला!

दुसऱ्या कुणी आवाज बारीक केला असता. पण बाबा पडले मेंटेनन्सवाले. "पोरं हळूच वाढवतात" म्हणून त्यांनी टीव्ही मागून उघडला, स्पीकरची वायर तोडली आणि मध्ये एक बटण बसवलं. बटण खाली, आवाज बंद. बारीक नाही हां, बंद! जाळीला कान लावला तरी काही नाही. एकदा आई म्हणालीही, "अहो, मुलांनी काय मुक्यानं बघायचं का?" त्यावर बाबांनी झोपेतच उत्तर दिलं, "चित्र दिसतंय ना? मग?"

तर आम्ही चित्र बघायचो. बाहुल्यांचा कार्यक्रम होता. एक म्हैस, तिच्या पाठीवर एक बगळा, आणि एक कासव, जे दर वेळी उशिरा यायचं. कार्यक्रमाला काहीतरी नाव असणार, पण आमच्या घरी तो 'म्हशीचा कार्यक्रम'. ताई माझ्या शेजारी फरशीवर बसून माझ्या कानात सगळ्यांचे संवाद कुजबुजायची. म्हैस गावरान बोलायची, "बगळोबा, जरा डावीकडं खाजवा की... व्हय, थितंच." बगळा अगदी मास्तरांसारखा, "सगुणाबाई, माझ्या अभ्यासाची वेळ आहे ही." मी हसू दाबायला शर्टाची कॉलर तोंडात कोंबायचो. त्या काळातल्या माझ्या एकाही शर्टाची कॉलर धड नव्हती, याला फोटोंचा पुरावा आहे.

ताई हे सगळं मनानं रचून सांगते, अशी माझी पक्की समजूत. पुढे लग्नकार्यात, बारशात हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितलाय की बायको आता मधूनच उठून पाणी प्यायला जाते. फक्त एक गोष्ट मी तेव्हाही पाहिली होती आणि तिचा विचार केला नव्हता. सोमवारी शाळेत पोरं त्याच भागाबद्दल बोलायची, मीही म्हशीचे डायलॉग मारायचो... आणि "असं नव्हतंच" असं मला कधीच कुणी म्हणालं नाही.

असो. आता अलीकडचं.

ताई पुनावळ्याला राहते. सोसायटीच्या तळमजल्यावर तिची बालवाडी आहे, बावीस वर्षं. गाणी, गोष्टी, वाघाचा आवाज, इंजिनाचा आवाज, सगळा कारभार घशावर. गेल्या दिवाळीनंतर तो घसा बसायला लागला. तपासण्या झाल्या. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, घाबरू नका. पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखाच येईल, असं मी लिहून देणार नाही."

घरी आल्यावर ताई हसत म्हणाली, "आवाज गेला तर काय, पोरांसमोर हातवारे करीन." मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. भांडं मात्र एकही वाजलं नाही.

म्हणून मी ठरवलं, ऑपरेशनच्या आधी तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. गुरुवारी सुट्टी होती, दुपारी मुलाला, निखिलला घेऊन तिच्याकडे गेलो.

"काय बोलू?" ताई म्हणाली. "मेल्यावर लावणार आहेस काय?"

"म्हैस कर ना," मी म्हणालो.

निखिल आयटीत आहे, त्याच्या बोटांना सगळं सापडतं. म्हशीच्या कार्यक्रमाचा एक जुना भाग कुणीतरी घरच्या कॅसेटवरून उतरवून दोनच दिवसांपूर्वी इंटरनेटवर टाकला होता. त्यानं तो टीव्हीवर लावला. मी म्हणालो, "आवाज बंद कर. आमचे बाबा झोपलेत असं समज." ताई हसली. निखिलनं आवाज म्यूट केला, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि ताई सुरू झाली.

बारा मिनिटं! बसलेल्या घशानं, पण न अडखळता. म्हशीच्या गळ्यातली घंटा हरवली आहे आणि ती शोधतेय, अशी गोष्ट. "घंटा न्हाई वाजली तर मी कुठं हाय ते मला कसं कळायचं?" असं म्हैस म्हणाली आणि निखिलसुद्धा हसला. एका ठिकाणी मात्र म्हशीनं आमच्याकडे बघून तोंड हलवलं आणि ताई गप्प.

"पुढे?" मी म्हणालो.

"काही नाही."

"अगं, तोंड हलतंय की तिचं."

"हलतंय. पण आवाज नाहीये इथे." मग कासव आलं आणि ताई पुन्हा बोलायला लागली. मला वाटलं, दमली असेल.

शनिवारी ऑपरेशन. मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बाकावर बसलो होतो. निखिल कानात इअरफोन घालून ताईचं रेकॉर्डिंग मूळ व्हिडिओला जोडत होता, ती घरी आली की दाखवायला. मध्येच त्यानं एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला.

"बाबा, आत्यानं हे पाठ केलंय का?"

मी ऐकलं. व्हिडिओतली म्हैस एका पुरुषाच्या भसाड्या आवाजात बोलत होती. आणि ताई जे बोलली होती, तेच बोलत होती. साधारण तसं नाही... तेच. 'थितंच' तिथंच. बगळ्याचा खाकरा तिथंच. घंटेचं वाक्य अक्षर न् अक्षर. मी म्हणालो, लहानपणी कुठेतरी आवाजासकट बघितला असेल हा भाग, राहिला डोक्यात.  निखिलनं फक्त व्हिडिओ पुढे नेला, जिथे ताई गप्प झाली होती तिथे. म्हशीचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. जुनी कॅसेट, तेवढा तुकडा खराब झालेला. सात सेकंद. मग कासव आलं आणि आवाज परत सुरू.

आता चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीत परवा इंटरनेटवर आलेल्या कॅसेटचा बिघाड कसा असेल, सांगा मला.

कंपनीत दोष सापडला की आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. मी तिथेच औषधांच्या चिठ्ठीमागे सुरू केलं. टीव्हीचा आवाज चालू राहिला होता का? नाही, आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ताई आणि शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या सोडून काही नाही. तिनं व्हिडिओ आधी बघितला होता का? ती फोन उचलते तो पालकांना "डबा द्या हो" सांगायला. तिसऱ्या 'का'ला माझं पेन थांबलं. फार्मसीवाल्यानं ती चिठ्ठी मागून घेतली, तेव्हा बरंच वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. पण ताईला तीन आठवडे एक शब्दही बोलायची बंदी. ती बालवाडीतली पाटी घेऊन बसायची. चौथ्या दिवशी मी न राहवून विचारलं, "ताई, लहानपणी म्हशीचं बोलणं तू मनानं रचायचीस ना?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच भूत. मग पाटीवर लिहिलं, 'रचू कशाला? ऐकू यायचं तेच सांगायचे.'

"अगं, बटण बंद असायचं!"

पाटी पुसली. 'ते मला काय माहीत? तुला ऐकू यायचं नाही म्हणून सांगायचे.' पुन्हा पुसली. 'आई म्हणायची, त्याला सांग गं.' आणि मग, जरा ओशाळून, 'मला वाटायचं तुझे कान अधू आहेत.'

म्हणजे गेली चाळीस वर्षं ही बाई माझ्याशी फोनवर ओरडून बोलते ती का, ते मला त्या दिवशी कळलं. हसावं की काय करावं... मी हसलो. ताई हसली नाही. तिनं पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं आणि न लिहिताच ठेवून दिली.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. आवाज आला. पण जाड, खरखरीत, खालच्या पट्टीतला. डॉक्टर म्हणाले, आता बहुतेक हाच. ताईनं मान हलवली. पहिल्याच दिवशी बालवाडीतल्या एका चिमुरडीनं तिला विचारलं, "आमच्या बाई कधी येणार?" ताई तिच्या समोरच उभी होती.

त्यानंतरच्या गुरुवारी मी गेलो. तिनं स्वतःच म्हटलं, "लाव रे तो. आवाज बंद करून." मी लावला. म्हशीचं तोंड हलत होतं, बगळा पंख झटकत होता. ताई पुढे सरकली, अजून पुढे, अगदी टीव्हीला नाक लागेपर्यंत. मग मागे टेकली.

"काही नाही," ती म्हणाली. "नुसती तोंडं हलतायत."

मी आवाज चालू केला. तो भसाडा पुरुषी आवाज खोलीभर झाला. ताईनं पाचएक मिनिटं ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"शब्द तेच आहेत रे. पण ही ती नव्हे. हा कोण बाप्या बोलतोय?"

"मग ती कशी बोलायची?"

तिनं करून दाखवायचा प्रयत्न केला. दोनदा केला. नव्या घशातून ते निघेना, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी खिशातून फोन काढला आणि तिचंच रेकॉर्डिंग लावलं. ऑपरेशनच्या आधीचं. घंटा हरवलेली म्हैस बोलायला लागली.

ताईचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हां! हीच. हीच बोलायची तेव्हा."

"ताई," मी म्हणालो, "ही तू आहेस."

"मी?" ती म्हणाली. "छे. मी तर हिचं ऐकून तुला सांगायचे."

मी वाद घातला नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून बारा मिनिटं ऐकत राहिलो. मी माझ्या बहिणीचा आवाज ऐकत होतो. ती कुणाचा ऐकत होती, हे मला आजही सांगता येत नाही.