‘आम्ही’चं ‘ते लोक’ झालं

“टेबलावर नको. तिकडं खिडकीत ठेव.”

सरांनी मान वर न करता सांगितलं. माझ्या हातात माझा लेख होता. टेबलावर बाकीच्या मुलांचे लेख पसरलेले. कविता, प्रवासवर्णनं, कुणी आजोळच्या आंब्यांवर लिहिलेलं. ते सगळे कागद टेबलावर चालले. माझे खिडकीत. ठेवले.

तेव्हा इंग्रज अजून होता. मी निपाणीच्या महारवाड्यातून बेळगावला कॉलेजात आलो होतो. कॉलेजात दरवर्षी विद्यार्थ्यांचं एक हस्तलिखित निघायचं. ज्यानं त्यानं आपला लेख आपल्या अक्षरात लिहायचा. मग पानं शिवायची, दसऱ्याच्या सुट्टीआधी सरस्वतीपुढं ठेवून पुजायची, आणि ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात कायमची ठेवायची. जुन्या विद्यार्थ्यांची हस्तलिखितं तिथं ओळीनं उभी होती. कुणी वकील झालेला, कुणी मामलेदार. त्यांचं अक्षर बघायला पाहुणे यायचे. त्या कपाटात आमच्या वाड्यातल्या एकाचंही अक्षर नव्हतं. माझं जावं एवढी हाव मला होती. हो, हावच. लाजायचं काय त्यात?

मी लिहिलं होतं तंबाखूच्या वखारीबद्दल. आई तिथं पाला निवडायला जायची, लहानपणी मीही तिच्यासंगं. घशात धूळ बसायची, पण पाण्याच्या माठाला आम्ही हात लावायचा नाही. लेखात मी लिहिलं, “आम्ही ओंजळ पुढं करतो. वरनं पाणी पडतं. कधी पडत नाही. मग आम्ही तशीच ओंजळ धरून उभे राहतो.”

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “लेख उत्तम आहे. पण कागदाला तंबाखूचा वास येतोय. देवीपुढं ठेवायचं असतं. वामन त्याच्या अक्षरात उतरवून घेईल.”

तंबाखूचा वास! कागद मी बेळगावातच घेतला होता, कॉलेजसमोरच्या दुकानात. आणि सर स्वतः दिवसभर तपकीर ओढायचे. मला हसू आलं. तरी मान डोलावली. म्हटलं, अक्षर गेलं तर गेलं, शब्द तर आपले राहतील.

वामन माझ्या वर्गातला. वकिलाचा मुलगा, पण स्वभावानं गरीब. पूजेच्या सकाळी मी ग्रंथालयात गेलो तेव्हा हस्तलिखित शिवून तयार होतं. मी हात लावू नये म्हणून वामनच एकेक पान उलटून मला दाखवत होता. माझा लेख आला. वर माझं नाव. खाली लिहिलेलं, “ते लोक ओंजळ पुढे करतात.”

मी पुन्हा वाचलं. पुढं वाचलं. जिथं जिथं ‘आम्ही’, तिथं तिथं ‘ते लोक’.

“वामन, हे काय केलंस?”

तो गोंधळला. “अरे, अक्षर माझं आहे ना. माझ्या हातानं ‘आम्ही’ कसं लिहू? बघणारे मला काय समजतील?”

खोटं बोलला नाही बिचारा. त्यामुळंच माझं डोकं फिरलं. आमची तहान उतरवून घ्यायला त्याची हरकत नव्हती. एका शब्दापुरतं आमच्यात उभं राहायची वेळ आली आणि हात थांबला. माझ्या नावाखाली माझी आई ‘ते लोक’ झाली होती.

सर जवळ आले. “काय चाललंय?”

“‘आम्ही’ पाहिजे, सर.”

“एका शब्दानं काय बिघडतं? लेख राहील, तुझं नाव राहील. तुमच्यातल्या किती जणांना हे मिळालंय?”

रागात माझी निपाणी तोंडात आली. “नाव नगं मला. आमी म्हंजे आमीच. त्ये लोक न्हाय.”

“आवाज खाली. शिवून झालंय, आता काही करता येणार नाही.”

करता येत होतं. टेबलावर दौत होती, टाक होता. मी टाक उचलला आणि हस्तलिखित पुढं ओढलं.

“हात लावू नकोस!” सर ओरडले.

लावला. डाव्या हातानं पान दाबून धरलं आणि माझं नाव खोडलं. मग अनुक्रमणिकेतलंही खोडलं. खरं सांगतो, कॉलेजातून काढलं तर आईला काय सांगू, हेच डोक्यात होतं.

“माझ्या अक्षरातली पानं द्या,” मी म्हटलं.

“ती कशाला ठेवू? टाकून दिली.”

वामन खाली बघत होता. हस्तलिखित तसंच टेबलावर पडलेलं. आता ते देवीपुढं ठेवायचं की नाही, हे दोघांनाही ठरवता येईना. मी तिथं थांबलो नाही.

बाहेर पडतानाच मी ठरवलं. टाकलेला लेख मी पुन्हा लिहीन. आधी वाड्यात वाचीन, मग कुठंही वाचीन. आणि एक अट, जी आजही तशीच आहे: ज्याला तो उतरवून घ्यायचा असेल त्यानं ‘आम्ही’ असंच लिहायचं. लिहिताना हात थांबला तर टाक खाली ठेवायचा.