आतली माया

"डॉक्टर, आत थोडी माया ठेवाल ना?"

हे वाक्य मास्तर एकदा बोलून गेले, ऑपरेशनच्या टेबलावर उताणे पडलेले असताना. डॉक्टर हातमोजे चढवत होते. ते म्हणाले, "माया? कसली माया?" मास्तर म्हणाले, "काही नाही. चालू द्या." नर्सला हसू आलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोने ते ऐकलं. ती हसली नाही.

शिवणकाम करणाऱ्यांच्या बोलीत माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग वाढलं की टीप उसवायची, माया मोकळी करायची, की तोच कपडा पुन्हा अंगाला येतो. बाहेरून ती दिसत नाही. दिसली तर शिवणारा कच्चा.

मास्तर त्यासाठीच ओळखले जायचे. जिन्याखालचं दुकान, छत तिरकं, उंच गिऱ्हाइकाने एकदा तरी डोकं आपटायचंच. डोक्यावरून वरच्या बिऱ्हाडांची पावलं चढत-उतरत असायची आणि खाली मास्तर मशीन मारत असायचे, गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. शेजारीच पाटावर बसून त्यांची बायको काज करायची, बटणं लावायची, तुरपाई घालायची. मागे पडदा, पडद्यामागे दोन खोल्यांचं घर. शाळेचे कपडे शिवायला बायका लांबून त्यांच्याकडे येत, कारण त्यांनी शिवलेला फ्रॉक मुलीबरोबर वाढायचा. दरवर्षी तो खाली सोडला की घेराला एक गडद पट्टा उमटायचा. बाकीचा कपडा धुऊन धुऊन विटलेला, आणि आत राहिलेल्या मायेचा रंग मात्र पहिल्या दिवसासारखा.

एक निवृत्त काका होते. ते म्हणायचे, "मास्तर, मी आता आटत चाललोय. माझ्या पँटीत कशाला माया घालता? कापड फुकट जातंय."

"जाऊ दे, काका. माया ठेवल्याशिवाय माझी कैचीच चालत नाही."

"अहो, पण मी फुगणार कधी?"

"सून हाताने करून वाढायला लागली की."

"मग नकोच. राहू दे तशीच."

असा हा हसतमुख माणूस. कोणत्याही गोष्टीची थट्टा करायची हे त्यांच्या हाडात होतं. लग्नानंतरचे पहिले दिवस त्या थट्टेवरच निघाले, असं त्यांची बायको म्हणायची. घरात दुसरं फारसं काही नव्हतंच.

पहिली मुलगी झाली ती पोट फाडून. धाकटा झाला तोही तसाच, पण त्या वेळी रक्त थांबेना. मास्तर दवाखान्याच्या बोळात उभे होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "या वेळी वाचल्या. पुढच्या वेळचा शब्द मी देणार नाही." मास्तरांनी मान हलवली. नंतर ते नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिले, आणि हातांना तर काही लागलेलं नव्हतं.

घरी आल्यावर निर्णय झाला तो दोन शब्दांत. ती म्हणाली, "आता नको." ते म्हणाले, "नको." त्यात कोणी कोणाला ओढलं नाही, कोणी कोणाला समजावलं नाही. पोरं दोन, ती जिवंत, आणखी काय हवं? ऑपरेशन आपलंच होणार असं तिने धरून ठेवलं होतं, सगळ्यांच्या बायकांचंच होतं म्हणून. मास्तर म्हणाले, "दोनदा तुझी शिवण उसवली. आता माझी पाळी." तेव्हा तिला ते आवडलं होतं. रडत रडत ती हसली होती.

पण टेबलावरचं ते वाक्य तिला टोचत राहिलं. निदान तिथे तरी थट्टा नको होती, असं तिला वाटलं. दारं कायमची लावली जात होती. ती तिनेच लावायला सांगितली होती, हे खरं. तरी ती लागताना दोघांनी गप्प उभं राहावं, एवढीच तिची मागणी होती. ती तिने कधी बोलून दाखवली नाही. मग ती पुरी कशी व्हायची?

काही दिवस पायाने मशीन मारायचं नाही, असं मास्तरांना सांगितलेलं. ते दुकानात नुसते बसून राहत. शेजारचा केस कापणारा रिकामा झाला की येऊन दारात उभा राही.

"काय मास्तर! जन्मभर लोकांना कैची लावली, शेवटी तुम्हालाच लागली म्हणे."

"लागली खरी. पण कारागीर पक्का होता. टाका शोधून सापडायचा नाही."

"बघू तरी!"

"नको रे. तुझं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने पळून जाईल."

दोघे खदखदून हसत. पडद्याआड ती भांडी घासत असे. हसणं ऐकलं की तिच्या हातातलं भांडं जरा जास्त जोराने वाजे.

पुढे तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "झालं. आता निर्धास्त राहा." तर दोघे निर्धास्त राहू लागले. लग्नापासून दर महिन्याला तिच्या पोटात एक भीती यायची आणि जायची. त्या भीतीची तिला इतकी सवय होती की ती गेल्यावर घर हलकं झालं आणि ओसाडही झालं. भीतीच्या मागून आणखी काहीतरी यायचं, ज्याला तिने कधी नाव दिलं नव्हतं. भीतीचा हात धरूनच ते निघून गेलं. ती कोणाला सांगणार? ज्याला सांगायचं तो केस कापणाऱ्याशी हसत होता. शिवाय तक्रार करायला तोंड होतं कुठे? आता नको हे तिचेच शब्द. तिला तिसरं नकोच होतं. तिला फक्त ते न होण्याचं दुःख करायचं होतं, आणि ते एकटीने करवत नव्हतं.

कपाटावर एका जुन्या अभ्र्यात दोन्ही पोरांची लहानपणीची झबली, टोपडी बांधून ठेवलेली होती. घरात कोणी नसलं की ती स्टुलावर चढून गाठोडं खाली घ्यायची, गाठ सोडायची, बघायची, पुन्हा बांधायची. एकदा मास्तर कात्रीला धार लावून अवचित घरात आले. ती स्टुलावरच होती.

"देऊन टाक गं ते कोणाला तरी," ते म्हणाले. "नाहीतर उंदीर लागतील."

"तुमचं काय जातंय?"

"माझं काय जायचं? उंदरांचंच साधेल."

तिने गाठोडं पुन्हा वर ढकललं आणि ती खाली उतरली. त्यानंतर दोघांत बोलणं उरलं ते दोऱ्याबटणांचं. पांढरा दोरा संपलाय. याला चार भोकांची लावू की दोन? धाकट्याला घ्या जरा. मास्तरांनी आणखी थोड्या कोट्या करून पाहिल्या. मग त्यांनी घरात कोट्या करणं सोडलं. दुकानात चालूच ठेवल्या.

अशात तिची धाकटी बहीण आली, भरल्या दिवसांची. पहिलटकरीण, चेहऱ्यावर तेज आणि जिभेला विसावा नाही. दुकानातच बसली, पाय लांब करून.

"भावोजी, तुमचं छत अजून खालीच. मला वाटलं, उंच करून घेतलं असेल."

"तुला आत यायला रुंदीच जास्त लागतेय, उंची कुठे लागतेय?"

"बघ गं ताई, कसे बोलतात! बरं, ते राहू दे. ताई, तुझ्याकडे पोरांची झबली असतील ना? दे ना मला. सासूबाई म्हणतात, वापरलेलं मऊ असतं. आणि तुला आता ती काय करायचीत?"

त्या पोरीच्या बोलण्यात विष नव्हतं. साधं खरं होतं ते. मशीन थांबलं. ताईच्या हातात बटण होतं. ते तिने कापडावर धरलं, सुई भलत्याच भोकातून घातली.

"नाहीत गं," ती म्हणाली. "सगळी कुरतडली उंदरांनी."

खोटं तोंडातून बाहेर पडल्यावर तिला कळलं, हा उंदीर आपण कोणाचा उसना घेतला ते. तिने मान वर केली नाही. आता हा माणूस हसणार, काहीतरी बोलणार, आणि आपली लाज जाणार.

"हो ना," मास्तर म्हणाले. "मीच टाकली ती. चिंध्या झाल्या होत्या नुसत्या." मग मेहुणीकडे वळून म्हणाले, "पहिल्या बाळाला जुनं काय नेतेस? मी नवीन शिवतो. मलमल आहे माझ्याकडे, धाकट्याच्या वेळची उरलेली. दुपारपर्यंत बस इथेच."

मेहुणी खूष होऊन पडद्याआड जाऊन आडवी झाली. लगेच घोरायला लागली.

मास्तरांनी मलमल काढली. एवढ्याशा कपड्याला काय वेळ लागतो? एरवी त्यांच्या हाताला खडूसुद्धा लागला नसता. आज ते खडू घेऊन उभेच राहिले. एक रेघ ओढली, ती पुसली, पुढे सरकवून पुन्हा ओढली. ती पाटावरून बघत होती. खोटं सांभाळून घेतलं याचं तिला बरं वाटत होतं. आणि किती सहज सांभाळून घेतलं, याचं वाईट. या माणसाला काहीच जड जात नाही, असं तिच्या मनात आलं. कैची चालली. मग टीप. मग तयार झबलं त्यांनी तिच्यापुढे टाकलं, बंद लावायला आणि तुरपाई घालायला, आणि दुसरं कापायला घेतलं.

तिने झबलं उलटं केलं.

आत सगळी मायाच होती. दोन्ही कुशींना चार-चार बोटं कापड आत दुमडलेलं. खांद्याला तेवढंच. घेराला घड्यांवर घड्या घालून कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलेलं. बाहेरून तान्ह्या बाळाचं झबलं आणि आत शाळेत जाणाऱ्या पोराचा सदरा. ती बोटाने घड्या उलगडत गेली, आणि त्या संपेनात. झबलं कोणी असं शिवत नाही. झबल्याला माया ठेवतच नाहीत. बाळाला लहान व्हायच्या आत ते विरून जातं, आणि आतल्या शिवणी जाड झाल्या तर कोवळ्या अंगावर वळ उठतात. हे मास्तरांइतकं कोणाला ठाऊक होतं? तिच्या दोन्ही पोरांची झबली त्यांनीच शिवली होती, शिवणी बाहेर काढून.

"अहो," ती म्हणाली.

"हं."

"एवढी माया कशाला ठेवलीत? बाळाला टोचेल."

मास्तर दुसरं झबलं कापत होते. कैची मलमलीत अर्ध्यावर थांबली. त्यांनी तिच्या मांडीवरच्या उलट्या कपड्याकडे पाहिलं, दुसऱ्याच कोणाच्या हातचं पाहावं तसं. आपण काय शिवलं ते त्यांना आत्ता दिसलं.

तिला टेबल आठवलं. लोटलेलं दार, नर्सचं हसू. डॉक्टर, आत थोडी माया ठेवाल ना? तिच्या छातीत काहीतरी हळूच उसवलं.

"तेव्हा," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही खरंच विचारत होता?"

वर जिन्यावरून कोणीतरी पावलं वाजवत उतरून गेलं. पडद्यामागे बहिणीचं घोरणं एका लयीत चाललं होतं. मास्तरांच्या तोंडाशी काहीतरी आलं, ओठ हलले, कोटी करताना हलायचे तसेच. ती वाट पाहत राहिली. आज त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी ती हसली असती.

त्यांनी कैची कापडातून सोडवली आणि मिटून ठेवली. मलमलीच्या अर्ध्या कापलेल्या तुकड्यावरून एकदा हात फिरवला. मग ते उठले, तिरक्या छताखाली सवयीने मान वाकवून, चपला सरकवून पायरी उतरले.

"काय मास्तर, भरदुपारी कुठे?" शेजारून वस्तरा थांबवून केस कापणाऱ्याने हाक मारली. "आणि टेप कोणाला मापायला घेतलीय?"

टेप गळ्यात तशीच लोंबत होती. मास्तरांनी वळून पाहिलं नाही. ते उन्हातून चालत गेले, बोळाच्या टोकाशी वळले, आणि दिसेनासे झाले.