शाळा न्हाई

वाशीमहून निघालेली आमची मोटार कनेरगाव नाक्यावर थांबली. इथून निजामी हद्द सुरू. करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझी वळकटी सोडून धोतरे झटकली आणि छापील कागद आहेत का, असे विचारले. चार पैशांच्या चोपडीला भिणारे हे कसले राज्य!

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे ढीग लागले होते. तिथून कळमनुरीच्या वाटेने बैलगाडीत हाडे खिळखिळी करून घेत दुपारी सरूमावशीच्या गावी पोचलो. भाकरी आणि अंबाडीची भाजी पोटात गेल्यावर राग जरा निवला. तो फार वेळ निवलेला राहिला नाही.

सरकारी शाळा दूर, आणि तिथे सगळे उर्दूतून. गावात मराठी शाळा काढायला इजाजत (परवानगी) हवी. ती मागितली, आलीच नाही. म्हणून विधवा मावशी घरच्या अंगणातच सहा लेकरांना शिकवते. एकच सक्त नियम: 'शाळा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

त्या दिवशी लेकरे हळदीत बुडवलेल्या फडक्यावर चुन्याचे पाणी टाकत होती. फडके लालभडक झाले. लिंबू पिळताच पुन्हा पिवळे. कुंकू कसे होते ते मला त्या दिवशी कळले. अंगणात पलीकडे बंजारा तांड्यावरच्या पोरांनी चिंचोक्यांची लांब ओळ मांडली होती. त्यांच्या आजोबांचे बैल मीठ घेऊन ज्या वाटेने जात ती वाट. म्हाताऱ्यांना विचारून विचारून एकेक मुक्काम लावलेला.

इतक्यात एक पोलीस जमादार दारात आला. त्याला फक्त पाणी हवे होते. तांड्यावरची सहा वर्षांची सोनी तांब्या घेऊन धावली आणि म्हणाली, "हितं शाळा न्हाई."

तो सावकाश पाणी प्याला. मग म्हणाला, "अच्छा? तो क्या है?"

"कुंकू करून राहिलो, जमादारसाहेब," मावशी म्हणाली.

"और ये इमली के बीज? इनका भी कुंकू?"

स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि बुटाने ती वाट विस्कटून टाकली. परकी लेकरे पुन्हा इथे दिसली तर तुला कचेरीत नेईन, असे मावशीला बजावून गेला. मी उठत होतो. मावशीने माझे मनगट आवळून धरले होते.

"तू उद्या जाशील, बाबा. आमाला हितंच राहाचं हाय."

सोनी चिंचोके गोळा करत होती. "मावशे, मी काहून चुकले? न्हाईच म्हणलं की."

मावशीने तिला जवळ घेतले. संध्याकाळी तिने ठरवले, लेकरे आता एकत्र येणार नाहीत. तीच घरोघर जाईल. "एका लेकराला कोन शाळा म्हणंल?" एवढेच ती म्हणाली.

सकाळी परतीच्या वाटेवर माझी गाडी तांड्यावरून गेली. सोनीच्या झोपडीत मावशी आधीच पोचली होती. दाराशी सोनीची आई उभी होती. काल सोनीला न्यायला आली तेव्हा तिने मला पाहिले होते, तरी हसली नाही. तिची नजर माझ्या मागे, रस्त्यावर होती. आत तिचे लेकरू शिकत होते आणि बाहेर ती, घरात चोरीचा माल असावा तशी, पहारा देत होती. मी घरी परत आलो आहे, पण राग गेलेला नाही, तो रोज वाढतो आहे. तुम्हालाही तो यावा म्हणून हे लिहिले.