मामाचा उजवा स्पीकर

माझ्या मामाला घरात सगळे कानसेन म्हणतात. चौतीस वर्षं त्याने टेलिफोनच्या लाइनी तपासल्या. तक्रार आली की हा फोन उजव्या कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसऱ्या पेटीत पाणी शिरलंय." माणसं जाऊन बघायची, तर पेटीत खरंच पाणी. मग तो चिठ्ठी लिहायचा: दोष लाइनीत आहे की ग्राहकाच्या टोकाला. खाली सही. चुकीच्या चिठ्ठीवर आपण जन्मात सही केली नाही, हे तो आल्यागेल्याला अजून सांगतो. मला तर इतक्यांदा सांगितलंय की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन.

मामी घरीच कपडे सैल-घट्ट करून देते. नवं शिवत नाही, दुरुस्तीच. तिची ख्याती अशी की पोट सुटलेला माणूस पँट घेऊन आला, तर ती त्याच्या पोटाकडे बघतसुद्धा नाही. "शिलाई उसवलीय वाटतं," एवढंच म्हणते आणि गुपचूप अर्धा इंच सोडते. सहा महिन्यांनी तोच माणूस परत आला, की परत अर्धा इंच. कित्येकांना आपण जाड झालोय याचा वर्षानुवर्षं पत्ता नसतो. वहीत मात्र प्रत्येकाचं पान असतं आणि तिथे सगळं खरं लिहिलेलं असतं.

मामा निवृत्त झाला तेव्हा त्याने होम थिएटरचा रिसीव्हर घेतला. मी अशाच वस्तूंच्या दुकानात काम करते, लोकांच्या घरी जाऊन स्पीकर बसवून देते, त्यामुळे ते लचांड माझ्याच गळ्यात पडलं. पडदा नको, सिनेमा नको, मागचे छोटे स्पीकर तर मुळीच नकोत. "दोन कान आहेत, दोन स्पीकर पुरे," असं त्याचं म्हणणं. मग एवढा मोठा डबा कशाला घेतलास बाबा? तर डिजिटल रेडिओ स्वच्छ लागतो म्हणून, आणि सीडीच्या चकत्या वाजवायच्या यंत्रातून डिजिटल तार थेट जोडता येते म्हणून. स्पीकरांच्या बरोबर मध्ये खुर्ची हवी. त्यासाठी मामीची टेप घेऊन तो अख्खी दुपार जमिनीवर रांगला, आणि खुर्चीच्या चार पायांच्या जागा शिवणाच्या खडूने आखल्या. खुर्ची दोन बोटं सरकली तरी त्याला कळायचं. मला त्या दिवशी असा संताप आला होता म्हणून सांगू! पण शेवटी रेडिओवर बाईचा आवाज लागला, आणि ती जणू समोरच्या भिंतीतून, अगदी मधोमध उभी राहून बोलायला लागली, तेव्हा मामाचा चेहरा असा खुलला की माझा राग कुठल्या कुठे गेला.

रिमोटवर त्रेपन्न बटणं. मामीने ती मोजली आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिने रिमोटला कापडी कव्हर शिवलं आणि पाचच बटणांपुरती काजं केली: चालू-बंद, रेडिओ, चकती, आवाज वर, आवाज खाली. बाकीची अठ्ठेचाळीस कापडाखाली गडप. मामाने आजतागायत ती बघितलेली नाहीत. मेनूचं काही निघालं की "ते भाचीचं खातं" म्हणून मोकळा. दर दोन-तीन महिन्यांनी मामी ते कव्हर धुवायला काढायची. मला वाटायचं, काय ही टापटीप!

हा सगळा थाट नुसत्या करमणुकीसाठी नव्हता. गावातल्या वाचनालयात दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. ती वाटण्याआधी कुणीतरी नीट ऐकून चुका काढायच्या असतात. पान उलटल्याचा आवाज, खुर्ची करकरली, वाचणारा ओळ चुकला, शब्द गिळला. हे काम मामाकडे आलं आणि निवृत्तीनंतर सुकत चाललेला माणूस पुन्हा टवटवीत झाला. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो खुर्चीत बसतो, ऑफिसला गेल्यासारखा. आणि वाचनालयाच्या बाईंना त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ज्या दिवशी माझा कान चुकेल, त्या दिवशी मी हे सोडेन. मला सांगावं लागणार नाही." मामाला ओळखणारा कोणीही सांगेल, तो तसंच करेल.

मामीचं शिलाई मशीन त्याच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, खिडकीपाशी. लग्न झाल्यापासून तिथेच. मामी पूर्वी फार हळू बोलायची. पण गेल्या काही वर्षांत तिचा आवाज चढत चढत असा झाला होता की आम्ही भाचरं तिला पाठीमागे भोंगा म्हणायचो. "चहा घेणार का?" हे ती असं विचारायची की खालच्या मजल्यावरच्यांनी हो म्हणावं. मशीनच्या खडखडाटाने होतं असं, म्हणून आम्ही हसून सोडून द्यायचो.

तर गेल्या महिन्यात त्यांच्या घराला रंग दिला. रंगाऱ्याने सगळी यंत्रं काढून चादरीखाली ठेवली, आणि बारा दिवस रिसीव्हरला वीज मिळाली नाही. या डब्यांची आठवण फार दिवस टिकत नाही. वीज नसली की हळूहळू सगळं विसरतात. लावून ठेवलेली स्टेशनं, स्पीकरांची अंतरं, सगळं. तेराव्या दिवशी सकाळी मामाचा मला फोन.

"उजवा स्पीकर गेला. सोमवारी पुस्तक द्यायचंय. ताबडतोब ये."

गेले. स्टेशनं पुसली गेली होती, ती लावून दिली. मग त्या पुस्तकाची चकती लावली. कुणीतरी बाई छान वाचत होत्या. मी दोन्ही स्पीकरांपाशी कान नेला. दोन्ही ठणठणीत.

"मामा, वाजतोय की रे."

"वाजतोय, पण मेल्यासारखा. बाई मध्ये नाहीये. डावीकडे जाऊन उभी राहिलीय."

मी मागच्या तारांची अदलाबदल केली. डावीची उजवीला, उजवीची डावीला. डब्यात खोट असती तर आता बाई उजवीकडे यायला हवी होती.

"अजून डावीकडेच," मामा म्हणाला. "म्हणजे स्पीकरच."

मी स्वतः त्याच्या खुर्चीत बसून बघितलं. बाई अगदी मधोमध होती. तोंड उघडणार, तेवढ्यात मशीनमागून मामीने असे डोळे वटारले की मी मूग गिळून गप्प बसले.

"जरा आत ये गं, डबा काढून दे वरचा!" मामी ओरडली.

आत डबाबिबा काही नव्हता. तिने ओट्यावर वही उघडून ठेवली होती. ग्राहकांच्या मापांचीच वही. एका पानावर वर लिहिलेलं: "हे. उजवा." खाली तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे आकडे. अर्धा. एक. दीड. शेवटचा आकडा साडेनऊ.

"तू स्पीकर बसवलेस तेव्हा बघून ठेवलं होतं मी," ती म्हणाली. "एकेका स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो ते. चार वर्षांपूर्वी हे म्हणायला लागले, बाई जरा डावीकडे सरकतेय. मी कव्हर काढलं, उजवीकडे अर्धा सोडला. बाई परत मध्ये. मग जसं जसं लागेल तसं."

कव्हर धुवायला काढायची ती! आणि मी, या धंद्यातली म्हणवणारी, दर महिन्याला त्या घरात येऊन बसत होते. उजवा स्पीकर जास्त वाजतोय हे मला जाणवलंही होतं. मी उजवीकडच्या सोफ्यावर बसते म्हणून वाटत असेल, असं म्हणून वर चहा पिऊन घरी जात होते. शरमेने मेल्यासारखं झालं.

"मामी, हे बरोबर नाही. त्याला डॉक्टरला दाखवायला हवं होतं."

"आणि ते काम सोडून भिंतीकडे बघत बसले असते, ते चाललं असतं तुला?" तिने शेवटचा आकडा दाखवला. "पुढे दहापर्यंतच जातं गं ते. शिलाईत आता कापडच उरलं नव्हतं. मला माहीत होतं, एक दिवस हे व्हायचंच. पण आज नको. तेवढं पुस्तक होऊ दे. साडेनऊ कर आणि स्पीकर दुरुस्त केला म्हणून सांग."

तेवढ्यात बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खडूच्या खुणांवरून ती खुर्ची त्याने आपणहून कधी हलवली नव्हती.

आम्ही दोघी बाहेर आलो. मामाने खुर्ची उलटी फिरवली होती. स्पीकरांकडे पाठ करून, कोऱ्या रंगवलेल्या भिंतीकडे तोंड करून तो बसला होता. डोळे मिटलेले. मागे ती बाई शांतपणे वाचत होती.

मला लगेच कळलं. उलटं बसलं की उजवा स्पीकर डाव्या हाताला येतो. स्पीकर मेलेला असता तर बाई आता त्याच्या उजवीकडे गेली असती.

"अजून डावीकडेच आहे," मामा म्हणाला. डोळे न उघडताच. "माझ्याबरोबर फिरली. दोष ग्राहकाच्या टोकाला आहे."

त्याने उठून टेबलावरचा कागद घेतला आणि चिठ्ठी लिहिली. तेच वळणदार अक्षर. दोष: उजवा कान. खाली सही. मग म्हणाला, "ही वाचनालयात दे. पुस्तक दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

मामीने वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने पानावरून बोट फिरवलं, वरून खाली.

"चार वर्षं फसवलंस मला?"

"फसवलं कुठे? सैल केलं."

मामाच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तो हसला नाही. चिठ्ठी माझ्यापुढे धरूनच उभा राहिला. आणि मग मात्र माझं डोकं फिरलं.

"मी नाही देणार! अरे, एक बाई वाचते, एका माइकपुढे. दोन्ही स्पीकरांतून तेच येतं, काडीचा फरक नाही. चुका काढायला दुसरा कान लागतोच कशाला? बाई मध्ये उभी नसली तर नसू दे. तुला तिच्या चुका काढायच्यात, तिचा फोटो काढायचा नाहीये!"

"वा गं वा! आणि चुकलो तर?"

"तर आत्ता बघू. बस."

त्याने खुर्ची फिरवून खुणांवर आणली आणि बसला. मी उजवीकडे काहीही न वाढवता पुढचं प्रकरण लावलं. पाचेक मिनिटं गेली असतील, तेवढ्यात मामाने हात वर केला.

"इथे. वाचता वाचता बांगडी टेबलाला लागली."

माझे दोन्ही कान शाबूत, मला काही ऐकू आलं नव्हतं. मागे नेलं. नाही. पुन्हा मागे नेलं, आवाज पार वर नेला, स्पीकरला कान चिकटवला. मग कुठे एक बारीकशी टिकटिक. बांगडीच होती मेली! मला रडूही येत होतं आणि हसूही.

मामाने चिठ्ठी पुन्हा पुढ्यात घेतली. मग 'उजवा कान'च्या पुढे लिहिलं: डावा चालू. "वाचनालयाच्या बाईंना ही तरी दाखव," म्हणाला. "चालत असेल तर त्यांनी सांगावं. लपवून काम करणार नाही." बाईंनी नंतर ती वाचली आणि त्याला आणखी दोन पुस्तकं पाठवली, ते वेगळं. कानाच्या डॉक्टरची वेळही मी तिथेच उभ्या उभ्या ठरवली, त्याला विचारायच्या भानगडीत न पडता.

मामीचा जीव भांड्यात पडला. ती मशीनवर जाऊन बसली आणि नेहमीच्या भोंग्यात म्हणाली, "आता तरी चहा घेणार का?"

मामा तिच्याकडे बघतच राहिला. मग वहीकडे बघितलं, शेवटच्या साडेनऊवर बोट ठेवलं.

"स्पीकरचं इथे लिहिलंयस," तो म्हणाला. "स्वतःचा आवाज किती वाढवलास, ते कुठे लिहिलंय?"

मामी दोरा ओवायला लागली. सुईत काही जाईना.

त्याला गुडघ्याचं दुखणं आहे, वजन उचलायला डॉक्टरांनी बंदी केलीय. मी धावले तर मला त्याने हातानेच थांबवलं. ते जुनं लोखंडी मशीन त्याने एकट्याने, फरशीवर ओरखडे काढत, थांबत थांबत, खिडकीपासून ओढत आणलं आणि आपल्या खुर्चीच्या डाव्या हाताला लावलं. मग खडू घेऊन खाली बसला आणि मशीनच्या चारी पायांच्या खुणा केल्या.

मी दारात चपला घालत होते. मामी नव्या जागी बसली. बावरल्यासारखी इकडे तिकडे बघत होती, नवी नवरी बसावी तशी. मग किंचित त्याच्याकडे झुकून काहीतरी बोलली. मी पाच पावलांवर उभी होते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"अर्धा कप," मामा म्हणाला. "साखर कमी."